तेलाचे दोन थेंब

सिकंदराबादच्या एका इराणी हॉटेलात मी चहात बुडवलेलं बिस्किट तुटायच्या आत तोंडापर्यंत पोचवण्याची कसरत करत होतो, तेव्हा फोन वाजला. सोनकांबळे सरांची मुलगी होती. "काका, बाबा गेले... झोपेतच." बिस्किट कपात पडलं. जन्मभर बॉम्बशेजारी उभा राहिलेला माणूस अंथरुणात गेला! खोटं कशाला बोलू, मला आधी बरंच वाटलं. कारण त्यांना वेगळं मरण देण्याची तयारी एकदा मीच केली होती.

आमची कोळसा तपासायची प्रयोगशाळा. तिथे पेल्याएवढं एक जाड पोलादी भांडं होतं, त्याचं नावच बॉम्ब. कोळशाची छोटी गोळी आत ठेवायची, झाकण आवळायचं, सिलिंडरमधला ऑक्सिजन दाबून भरायचा, भांडं पाण्यात बुडवायचं आणि बटण दाबून गोळी पेटवायची. पाणी किती तापलं त्यावरून कोळशातली उष्णता कळते. सर तिथले प्रमुख, मूळचे परभणीकडचे, राहायला हैदराबादेत काचीगुड्याला. काय काम करता, असं शेजाऱ्यांनी विचारलं की शांतपणे सांगत, "बॉम्ब फोडतो." मग वहिनी घाईघाईनं जोडत, "नोकरीय हो त्यांची!"

मी तेव्हा नवा, नोकरीत कायम व्हायचा होतो. झाकण फार घट्ट फिरायचं. छाप पाडावी म्हणून मी घरून शिलाई मशीनचं तेल नेलं आणि गुपचूप झाकणाच्या आट्यांना दोन थेंब लावले. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल भेटलं की स्फोटाला ठिणगीचीही गरज नसते, हे पुस्तकात होतं. ते पान मी वाचलं नव्हतं.

सर गॅस भरू लागले. काटा चढत होता... पाच, दहा... मला राहवेना. "आज लोण्यासारखं फिरलं ना सर? तेल घातलंय मी!"

सरांनी वळूनही पाहिलं नाही. सिलिंडरची चावी केसाकेसानं बंद केली. "मोरे, सगळ्यांना घेऊन बाहेर हो. पळू नको. दार ओढून घे."

"सर, तुम्ही?"

"आतला गॅस सोडायलोय. जा म्हणलं न!"

आम्ही चौघं दाराबाहेर. आतून बारीक फुसफुस ऐकू येत होती... मग ती थांबली. दाराला हात लावायची कुणाची छाती होईना. बऱ्याच वेळानं सर बाहेर आले. शर्ट घामानं चिंब.

"किती थेंब?"

"दोन."

"हौ. एकात मी, दुसऱ्यात ही भिंत."

तक्रार त्यांनी केली नाही. मी कायम झालो. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, सिलिंडरची चावी उघडण्याआधी ते गोड आवाजात विचारत, "आज कुणी मदत केली का?" सगळे हसत. मी सोडून.

पुढे सरांची खुर्ची माझ्याकडे आली, प्रश्नही आला. मी तो नाटकी सुरात विचारतो, लोक दाद देतात. गेल्या आठवड्यातही विचारला. सगळे हसले. आमच्या नव्या केमिस्ट पद्माबाई, दोन मुलांची आई, अतिशय काटेकोर बाई, त्या मात्र हसल्या नाहीत.

"सर, ढक्कन जाम था... थोडा-सा ही लगाई मैं."

माझा हात चावीवर होता. चावी अजून फिरवली नव्हती. तरीही तो हात उचलायला मला फार वेळ लागला.