खणातलं पत्र

आमच्या ऑफिसच्या मुख्य बाई ब्रिटिश, साठीच्या जवळ आलेल्या. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांना मस्कतजवळ सीबला माझ्या घरी जेवायला बोलावलं. आमच्या मित्रमंडळात पुरुष आधी जेवतात, बायका मागून. बाईंना कुठे बसवायचं हा प्रश्न कुणालाच पडला नाही. त्या साहेब, त्यामुळे ऑफिसातल्या आम्हा पाच पुरुषांत बसल्या. बायको एकटी गरम पुऱ्या आणत होती. मी मोजल्या, अकरा फेऱ्या झाल्या.

बोलता बोलता बाईंनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. आई बँकेत कारकून होती. लग्न झाल्यावर बँकेने तिला राजीनामा द्यायला लावला. तेव्हा तिकडे तसाच नियम होता. पुढे हप्त्यावर शिलाई मशीन घ्यायला गेली, तर दुकानदार म्हणाला, नवऱ्याची सही आणा.

माझा मित्र इंग्रजीत हळहळला. मग आत वळून मराठीत म्हणाला, "वहिनी, पुऱ्या येऊ द्या."

मीही हळहळलो. आतल्या खोलीत माझ्या टेबलाच्या खणात तेव्हा चार ओळींचं एक पत्र पडून होतं. बायकोला इथल्या एका शाळेत हिशेबनीसाची नोकरी मिळत होती. ती माझ्या व्हिसावर, म्हणून शाळेला माझं ना-हरकत पत्र हवं होतं. तिने ते टाइप करून दिल्याला एकोणीस दिवस झाले होते. "मुलीची दहावी होऊ दे," असं मी म्हणत होतो. खरं कारण माझा डबा.

बाई गेल्यावर तोच मित्र म्हणाला, "दोन घटस्फोट झालेत म्हणे. हुशारी घेऊन काय करायचं?"

"म्हणून तर आठवडाभर आपल्या डोक्यावर बसते," दुसरा म्हणाला.

सगळे हसले. तासाभरापूर्वी हेच तिला श्रीखंडाचा आग्रह करत होते. मला त्यांची किळस आली. पण हसणाऱ्यांत मीही होतो, आणि खण तर माझ्याच घरातला होता.

मंडळी गेल्यावर मी सही करून पत्र स्वयंपाकघरात नेलं. बायको कढईतलं तेल गाळत होती.

"तारीख कुठली घातलीत?"

"आजची."

"जागा सोमवारी भरली. शाळेतून फोन आला होता."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

तिने उरलेल्या तीन गार पुऱ्या ताटात घेतल्या आणि ओट्यापाशीच जेवायला बसली. साडेतीन वाजले होते. त्या दिवसाचं तिचं ते पहिलं जेवण होतं.