उज्जैनच्या गच्चीवर गॅमा किरण आणि मामांचा मिठाचा डबा

उज्जैनला जायचं ठरलं ते मामांच्या हट्टामुळे. मी पुण्यात गॅमा वर्णपटमापी बनवते. फुटलेल्या ताऱ्यांतून, म्हणजे सुपरनोव्हातून, येणारे गॅमा किरण मोजायचं यंत्र. हे किरण हवेतच अडतात, म्हणून यंत्र फुग्याला बांधून खूप उंच पाठवावं लागतं. मामांना फोनवर चारदा सांगितलं. तरी त्यांनी निवृत्त मास्तरमंडळींना सांगून टाकलं, "भाची गच्चीवरून तारा फुटताना दाखवणार!"

पुण्याहून थेट गाडी आहे. आरामात झोपून जा. मी मात्र यंत्राचा डिटेक्टर मांडीवर घेऊन बसले, कारण त्यातला स्फटिक धक्क्याने तडकतो आणि पुढच्या उड्डाणासाठी तो एकुलता एक. साहेबांच्या हातापाया पडून आणला होता. स्टेशनवर शिपाई म्हणाला, "मैडम, इसमें क्या है?" "क्रिस्टल." "झूमर का?"

टावर चौकात पोहे-जिलबी जरूर खा, वर शेव मागून घ्या. फक्त माझ्या मामांबरोबर जाऊ नका. त्यांनी पोहेवाल्यालाही आमंत्रण दिलं.

घरी मामींनी यंत्राला हळदकुंकू वाहून वर शिप्रेचं पाणी शिंपडलं. मी किंचाळलेच.

संध्याकाळी गच्चीत पंधरा माणसं. तारा दिसणार नाही, हे पुन्हा सांगितलं. निदान यंत्र चालतं कसं ते दाखवावं म्हणून मामांचं बीपीसाठीचं, कमी सोडियमचं मीठ मागवलं. त्यात पोटॅशियम असतं आणि ते थोडे गॅमा किरण सोडतं. पडद्यावरच्या आलेखात त्याचा सुळका उठायलाच हवा. डबा टेकवला. दहा मिनिटं झाली तरी काही नाही.

स्फटिक गेला! "मामी, तुमच्या त्या पाण्याने वाटोळं केलं," मी सगळ्यांदेखत ओरडले. मामी पदराने यंत्र पुसू लागल्या. मामांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

शेवटी मीठच जुनं असेल म्हणत शेजारच्या काकांनी दुकानातून त्याच मिठाचं नवं पाकीट आणलं. पाच मिनिटांत सुळका उभा! यंत्र ठणठणीत होतं. मामींनी डब्यातलं चिमूटभर मीठ चाखलं.

"अहो, हे तर साधं मीठ आहे! कब से चाललंय हे?"

"दिवाळीपासून," मामा पुटपुटले. "ते फीकं लागतं गं. डबा तोच ठेवला, तुला टेन्शन नको म्हणून."

सगळे हसले. मामी रडत खाली गेल्या. मला मामांचा भयंकर राग आला आणि स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मामींना भैरवगढला नेलं, तिथली ठशांच्या छपाईची चादर घेऊन दिली, माफी मागितली. त्यांनी ती चादर माझ्या यंत्रालाच गुंडाळली.

पुण्यात स्फटिक तपासला, एक ओरखडा नाही. सुपरनोव्हा कुणालाच दिसला नाही, आणि चार दिवस सुट्टीचे गेले ते गेलेच. काल मामींचा फोन आला. मामांचं बीपी उतरलंय. "बेटा, परत कधी येतेस?"

मागून मामा ओरडले, "नुसती ये! मशीन मत ला!"