पोचेपर्यंत केर नाही

आमच्या हिर्डोशीच्या घरात एक नियम आहे. घरचं माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही. काढला तर म्हणे त्याची वाट झाडली जाते. भोरला कोणी गेलं तर काही अडत नाही, एसटी मिळाली की जेवायच्या आत केरसुणी हातात. पण माझी लेक नर्सच्या नोकरीला आयर्लंडला निघाली आणि माझी पंचाईत झाली. मुंबई ते डब्लिन सात हजार किलोमीटरच्या वर! मध्ये दुबईला विमान बदलायचं. सगळा दिवस जाणार. आणि घरात आदल्या दिवशी बडवलेल्या नाचणीचा भुसा पायाखाली करकरतोय.

"मामंजी, विमानाला कसली आलीय वाट? झाडू द्या की," मी सासऱ्यांना म्हणाले.

"पोरगी पोचू दे. तवर केरसुणीला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले आणि केरसुणी मांडीखाली घेऊन ओसरीवर बसले.

नवरा लेकीला सोडायला मुंबईला गेलेला, घरात आम्ही दोघंच. आमच्यातलं कोणी विमानात बसायची ही पहिलीच वेळ. खरं सांगते, धास्ती मलाही होतीच. पण मी रडत बसले असते तर म्हाताऱ्यानं अन्न सोडलं असतं. त्यापेक्षा भांडलेलं बरं.

सकाळी मी गोठ्यात असताना घरात मोबाईल वाजला. शेण भरून परत येते तर काय! जन्मात कधी केरसुणी न धरलेला माणूस कमरेत वाकून घर झाडून बसलेला. केर उकिरड्यावर गेलासुद्धा.

"पोचली! पोचले म्हनाली!" मामंजींच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कुठं पोचली?"

"इमानतळावर."

"अहो, ती दुबई असंल! अजून निम्मी वाटसुद्धा झाली नाही."

ते मटकन खाली बसले. "म्या झाडली गं पोरीची वाट," एवढंच म्हणत राहिले. चहा घेईनात, पाणी घेईनात. पायलटला काय आपला केर दिसतोय का, म्हणून सतरा वेळा समजावलं. छे! शेवटी माझंच डोकं फिरलं. सूप घेतलं, उकिरड्यावर गेले, वरचा केर भरला आणि आणून घरभर पसरला.

"केर आत कुठं नेतीस गं?" शेजारणीनं विचारलं.

"पाहुणा हाय, जेवायला बोलावलाय," मी म्हणाले.

मामंजींनी फिरून सगळे कोपरे बघितले. "चुलीपाशी जास्ती हुता," म्हणाले. तिथंही टाकला, तेव्हा कुठं चहा प्यायले.

दिवस कलताना लेकीचा फोन आला. डब्लिनला उतरले आई, लई थंडी आहे, म्हणाली. मामंजींनी तिच्याकडून गावाचं नाव तीनदा वदवून घेतलं. मग केरसुणी माझ्या हातात दिली.

"झाड आता बिनघोर. दिवं लागल्यावर केर काढता येत न्हाई."

मी वाकले. आरशाखाली भुशात तिच्या केसांची गुंतवळ पडली होती. निघायच्या घाईत विंचरून तशीच टाकलेली. उकिरड्यावरून मीच ती परत आणली होती.

"काय झालं गं?"

मी उठले आणि दिव्याचं बटण दाबलं. बाहेर अजून ऊन होतं.

"लागले दिवे, मामंजी," मी म्हणाले. "आता उद्या."