आजोबांची साखर आणि आमची गल्ली

बाळांनो, आजोबा मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर तुमच्याऐवजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आशीर्वाद देत होते, ते मोतीबिंदूमुळे. नांदेडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, रक्तातली साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. आणि साखर काही उतरेना.

माझ्याकडून कसूर नव्हती. साखरेचा डबा कुलुपात, गूळ बंद, गोळ्या वेळेवर. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ फिरणं. तरी दर तपासणीत आकडा आधीपेक्षा वर.

मग मनात आलं, हे फिरतात कुठे? तर आमच्याच गल्लीत. कळमनुरीची ही देवळामागची गल्ली तुम्ही पाहिलेली आहे. सगळे पुजारी नाहीतर कारकून, आणि सगळे एकमेकांच्या नात्यातले. इथे माणूस चालत नाही, एका ओट्यावरून उठून दुसऱ्या ओट्यावर बसतो. दर ओट्यावर चहा.

मी घरोघरी सांगून आले, यांना बिनसाखरेचाच चहा द्या. सगळ्यांनी शब्द पाळला. साखर आणखी चढली.

शेवटी एका सकाळी मी मागोमाग गेले. समोरच्या काकूंनी फिका चहा दिला, आणि कप खाली ठेवताच आजोबांच्या हातावर पेढा ठेवला.

"काकू, हे काय?"

"काहून? चहात कणभर बी न्हाई टाकली," काकू म्हणाल्या. "पण फिक्का चहा पाजून माणसाला तसंच कसं लावून द्यावं? अन् हा तर प्रसाद हाय."

"प्रसादात साखर असते."

"असते, पण ती बाधत नाही," हे आजोबा म्हणाले, भरल्या तोंडाने.

तेच पुढच्या घरी, तेच त्याच्या पुढच्या. कुठे खोबऱ्याची वडी, कुठे पंचामृत. बाधत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या कोनाड्यात मधुमेहाच्या गोळ्या होत्या. आमच्या गल्लीत साखर नसलेलं माणूस म्हणजे नुकती आलेली सून.

मी फिरण्याची जागा बदलली. बाजार ओलांडून पलीकडचा मोहल्ला. गल्ली हवालदिल झाली. काकू ओट्यावरून उतरून आल्या.

"वहिनी, तिकडं आपलं कोण हाय?"

"कोणी नाही, म्हणूनच."

पण आजोबांनी सगळा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला, हे मी विसरले होते. मोहल्ल्यात शिरतो न शिरतो तोच एका दुकानातून पांढऱ्या दाढीचे शिंपी शिलाई मशीन सोडून बाहेर आले.

"गुरुजी! आओ, बैठो. चाय मंगाता."

"त्यांना शुगर आहे," मी घाईने म्हणाले.

"मेरेकू बी है, बाई. फिक्की मंगाता."

फिका चहा आला. मी श्वास रोखून आजोबांच्या हाताकडे बघत होते. हात रिकामाच राहिला. आजोबाही त्या हाताकडे जरा आशेने बघत होते.

बोलता बोलता तपासणीचा विषय निघाला. आम्ही त्यासाठी बसने नांदेडला जातो हे ऐकून शिंपी हसायलाच लागले. "नांदेडकू काहेकू? वो क्या सामने सरकारी दवाखाना! मुफत में देखते."

रस्त्यापलीकडे दवाखान्याचं दार उघडंच होतं. आमची सगळी गल्ली मात्र एसटीत उभी राहून नांदेडला जायची, कारण तिथली लॅब काकूंच्या भाच्याची. आपल्या माणसाकडे गेलं की बरं वाटतं. शिवाय भाचा चहा देतो, साखरेचा.

त्यानंतर आजोबा रोज त्या दुकानापर्यंत चालत गेले आणि समोरच तपासून घेत राहिले. साखर उतरली. डोळ्याचं ऑपरेशन झालं.

आता गल्लीची बाजूही सांगायला हवी. ऑपरेशननंतर डोळ्यात दिवसभर ठरल्या वेळी थेंब घालायचे होते आणि माझा हात थरथरतो. ते काम गल्लीने आपसांत वाटून घेतलं. एकही वेळ चुकली नाही. काकू तर देवाची आरती अर्धवट सोडून आल्या. अशी माणसं मला बाजारापलीकडे मिळाली नसती. मात्र येणारीच्या पदराखाली वाटी नाही ना, हे मी दारातच बघून घेत होते.

आता तुम्ही कॉल केलात की आजोबा तुमच्याचकडे बघतील. पण एक नवीन पंचाईत झाली आहे. समोरच्या ओट्यावर पेढ्यांची ताटली आली की त्यांना ती आमच्या खिडकीतून स्पष्ट दिसते.