नकाशाच्या खोलीतली सतरंजी

चितेगावच्या शाळेत मी रुजू झाले, तेव्हा मुख्याध्यापिका साळवे मॅडमनी मला वर्गाआधी नकाशाची खोली दाखवली. भिंतीशी गुंडाळलेले नकाशे, खाली सतरंजी, उशाला जुना तक्क्या. "थकलं की इथं येऊन पडायचं. विचारायचं नाही, नुसतं सांगायचं. वर्ग मी बघते." मी नवखी. मला वाटलं, मॅडम माझी परीक्षा घेताहेत! म्हणून मी त्या खोलीकडे फिरकलेच नाही.

पुढे मतदारयाद्या आल्या, ॲपवर भरायची माहिती आली, प्रशिक्षणं आली. मधूनमधून शिकवणंही चालू होतं. एके दिवशी सातवीच्या वर्गात मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मला वळताच येईना. डोळ्यांचं पाणी थांबेना. मॅडम धावत आल्या, माझ्या हातातला खडू काढून घेतला. "जा, पड जरा. रडू आलं तर रडून घे. तिथं कुणी येत नाय." शाळा सुटेपर्यंत मी झोपले.

नेमके त्याच दिवशी साहेब तपासणीला आले. "या वर्गाच्या बाई कुठं आहेत?"

"थकल्यात. झोपल्यात."

"शाळेच्या वेळेत?"

"व्हय. उद्या अंथरुणाला खिळल्या तर शिकवायला तुम्ही येणार का, साहेब?"

मॅडमना नोटीस आली. वरिष्ठांपुढे उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. सतरंजी मात्र हलली नाही. मी नोकरी सोडायच्या बेतात होते. आज शिक्षिका म्हणून त्यांच्या गौरव अंकात हा लेख लिहिते आहे, ते मॅडममुळे.

स्वतः मॅडम तिथं कधी टेकल्या नाहीत. एकदा मी छेडलं, तर म्हणाल्या, "मी पडले तर उठायची नाय गं!" तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही. निवृत्तीनंतरही त्या रोज संध्याकाळी घरी मुलांना शिकवतात. परवा शिकवताना त्यांना भोवळ आली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, मॅडमनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्यापुढे हजर! आम्ही सत्कार समितीवालेही काही कमी नाही. मॅडमच्या पंच्याहत्तरीनिमित्त मिरवणूक, सत्कार, भाषणांवर भाषणं आणि शेवटी मॅडमचं उत्तराचं भाषण. कार्यक्रमपत्रिका वाचूनच मला दम लागला.

म्हणून मॅडम, सर्वांसमक्ष सांगते. मिरवणूक मी भांडून रद्द करवली आहे. माझं भाषणही काढून टाकलं आहे. कार्यक्रम आपल्याच शाळेत आहे. जेवणानंतर नकाशाच्या खोलीत सतरंजी घातलेली असेल. दाराशी मी बसेन. कुणी विचारलं, तर तुमचंच उत्तर देईन. संध्याकाळी तुमच्या मुलांचा वर्गही मीच घेईन. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यात अशा निवांत दुपारी पुष्कळ असोत. तुम्ही निर्धास्त पडा, मॅडम. उठायची वेळ झाली की मी हाक मारीन.