राजपुत्राबद्दल माझं मत

माझी मुलगी बारावीला होती तेव्हाची गोष्ट. रविवारची दुपार होती. आमच्या मुरबे गावच्या किनाऱ्यावर आम्ही बोंबील वाळत घातले होते आणि कावळे हाकलायला तिला बसवलं होतं. मी घरून येऊन बघते, तर कावळे खुशाल काठ्यांवर बसून खात होते आणि ही मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन रडत होती. नाक लाल होईपर्यंत.

"काय झालं गं?"

"तो मेला."

"कोण मेला?"

"राजपुत्र. म्हणजे नक्की नाय. पुढच्या पानावर कळेल."

मी आधी कावळे हाकलले, मग तिच्याशेजारी बसले. आहे तरी काय त्या पुस्तकात, म्हणून विचारलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुला नाय समजणार, आई. इंग्रजी हाय."

ती काही टोचून बोलली नव्हती. पण मला ते लागलं. मीही बारावी झालेली आहे. मराठी शाळेतून, पण झालेली. बोईसरच्या औषध कारखान्यात मला पॅकिंगला वीस वर्षं होत आली होती. गोळ्यांच्या खोक्यात जो इंग्रजी कागद जातो, तो किती वेळा हातातून गेला असेल याला गणती नाही. एकदाही मी तो वाचला नव्हता.

"तुझं झालं की मला दे," मी म्हणाले. "आणि शेवट सांगू नको."

ती हसली. मी नाही हसले.

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेल्या वेळात वाचायचं, असं ठरवलं. पहिल्या दिवशी दीड पान झालं. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि मोबाइलवर अर्थ बघायचा. पहिल्या पानावर रेघाच जास्त झाल्या. दुसऱ्या दिवशी वाटलं, कुणी सांगितला हा उद्योग. तरी पुस्तक पिशवीत टाकलंच.

माझ्या टेबलावर उत्तर प्रदेशातली एक बाई बसायची. तिने विचारलं, "दीदी, कोई परीक्षा है क्या?"

"परीक्षा नहीं, कहानी है."

"तो सुनाओ ना."

झालं. रोज जेवढं वाचायचं तेवढं माझ्या मोडक्या हिंदीत सांगायचं, असा नेमच पडला. आठवड्याभरात टेबलावर पाच बायका जमल्या. आता मला माघार घ्यायची सोय उरली नव्हती. वाचलं नाही तर त्या डबा उघडायच्या आधीच विचारायच्या, "आगे क्या हुआ?"

गोष्ट एका मिठाच्या राज्यातली. एका नावाड्याची मुलगी असते. तिने हाक मारली की भरती येते. शत्रूचा राजपुत्र तिला पळवून न्यायला येतो आणि तिच्याच प्रेमात पडतो. बायकांना हे फार आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू. पण समुद्र मात्र लिहिणारीने लांबूनच पाहिला असावा. तिच्या पुस्तकात एरवीची भरती रोज सकाळी ठरल्या वेळेला यायची, कंपनीचा भोंगा वाजल्यासारखी. खरी भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते. माझा नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे बोट त्याच्या हुकमाने चालते. त्याला हे सांगितलं असतं तर त्याने पुस्तक मिटून ठेवलं असतं. वर ती मुलगी तुफानात एकटी शीड उभारते, तेही केस मोकळे सोडून. आणि दर दोन-तीन पानांनी राजपुत्राचे डोळे. ते वाचायला मी पुढे पुढे थांबत नसे.

मग एक प्रकरण असं आलं की माझा डबा तसाच राहिला. मुलीचा बाप वारलेला असतो. ती त्याचं जुनं जाळं उलगडते आणि बोटांनी गाठी चाचपत जाते. कुठली गाठ त्याने मारलेली, कुठली दुसऱ्याने, हे तिला डोळे मिटून कळतं, कारण त्याच्या गाठी जराशा डावीकडे ओढलेल्या असतात. माझे वडील अंगणात बसून जाळी विणायचे. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून. समुद्राबद्दल इतकं चुकीचं लिहिणाऱ्या बाईला हे कुठून कळलं, मला माहीत नाही.

"आगे?" टेबलावरच्यांनी विचारलं.

"आज आगे नहीं हुआ," मी म्हणाले.

दोन महिन्यांनी लढाईपाशी पोचले. लढाई सुरू व्हायच्या आधी राजपुत्र त्या मुलीला मनोऱ्यात कोंडतो. ती झोपलेली असताना दार लावतो आणि चावी घेऊन जातो. चिठ्ठी ठेवतो, तुला काही झालं तर मी जगू शकणार नाही. ती तीन पानं रागावते. मग तो जखमी होऊन परत येतो आणि ती त्याच्या गळ्यात पडते.

मी हे सांगितलं तेव्हा उत्तर प्रदेशवाली म्हणाली, "प्यार करता है, तभी तो बंद किया."

जव्हारकडची एक बाई आमच्यात असायची, फारसं बोलायची नाही. ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "परेम हाय तं चावी तिलाच द्यायची ना."

त्यावर पुढचा आठवडाभर भांडण चाललं.

पुस्तक संपलं त्या संध्याकाळी आम्ही मायलेकी कोलंबी सोलत बसलो होतो. मुलगी उतावीळ झाली होती. "सांग ना, कसं वाटलं?"

"जाळ्याचं प्रकरण फार चांगलं हाय. तसं मी मराठीतपण नाय वाचलं. शेवटी तो राज्य सोडतो तेपण आवडलं. पण कोंडलं ते नाय पटलं. आणि ती इतक्या लवकर विसरली, ते तर अजिबात नाय."

"आई, तो तिला वाचवत होता!"

"तिला विचारलं होतं का?"

ती चिडली. तुला प्रेमातलं काही कळत नाही, असं म्हणाली. तेव्हा मी तिला ते सांगितलं, जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

ती दीड वर्षाची होती. आमच्या कारखान्याजवळच्या दुसऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. आमच्या घराच्या खिडक्याही हादरल्या. दुसऱ्या दिवशी माझा गेटपास जागेवर नव्हता. तीन दिवस मी घर उलथंपालथं केलं. हिचे बाबाही माझ्याबरोबर शोधत होते. चौथ्या दिवशी ते जेवताना म्हणाले, "शोधू नको. मीच ठेवलाय. तुला काय झालं तं मी काय करू?"

पाचव्या दिवशी मुलीला सासूकडे दिलं, रिक्षाने बोईसरला गेले आणि साहेब येईपर्यंत गेटवर उभी राहिले. नव्या पासचा अर्ज केला आणि त्याच दिवशी कामाला लागले. हिचे बाबा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी माझी बस चुकली, तर त्यांनी न बोलता मोटरसायकल बाहेर काढली आणि मी बसायची वाट बघत राहिले.

मुलगी सोलायची थांबली होती. "सॉरी म्हणाले?"

"नाय."

"आणि तू माफ केलंस?"

"केलं. वर्ष लागलं. त्यांची भीती खोटी नव्हती, मलापण भीती वाटत होती. पण पास माझा होता."

तिने पुढची कोलंबी सोलायला घेतली. मग म्हणाली, "तरी राजपुत्र वेगळा."

पुढच्या महिन्यात पालघरच्या तिच्या कॉलेजात वाचनगटात तिला याच पुस्तकावर बोलायचं होतं. माझंही मत सांगणार म्हणाली. लिहिलेलं मला दाखवलं. त्यात जाळं होतं, चुकीची भरती होती, मनोरा नव्हता.

"सगळ्यांना तो आवडतो, आई. माझं हसं होईल."

"मग माझं मत घेऊच नको. घ्यायचं तर सगळं घे."

मी बसून माझ्या हाताने एक पान लिहिलं, मराठीत. चांगलं काय, वाईट काय, आणि का. पासची गोष्ट त्यात घातली नाही, ती आमच्या घरातली. दोन दिवस ती फुगून होती. तिसऱ्या दिवशी पान घेऊन गेली.

परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. तिने ते वाचल्यावर निम्म्या मुली अंगावर आल्या, तुझी आई जुन्या वळणाची आहे म्हणाल्या. आईवर बोलल्या म्हणून हीच माझ्या बाजूने भांडली. मॅडमनी शेवटी एवढंच विचारलं, तुमच्यापैकी कुणाकुणाला कोंडून घेतलेलं चालेल? कुणीच हात वर केला नाही. बाहेर पडताना एका मुलीने हिला थांबवलं आणि माझं पान तिथेच उभं राहून वहीत उतरवून घेतलं.

"पण मला अजून तो आवडतो," मुलगी मला बजावून म्हणाली.

"आवडू दे," मी म्हणाले.

आता तिने स्वतःचंही मत लिहून माझ्या पानाला टाचलंय, आणि पुस्तक मैत्रिणीला देते तेव्हा दोन्ही पानं आत असतात. तिचं मत माझ्यापेक्षा लांबलचक आहे. बऱ्याच ठिकाणी मला ते पटत नाही.