शनिवार-रविवारचा खंड

लोरेटा कुचेरा चिडली की आवाज चढवत नाही, उतरवते. त्या मंगळवारी वर्लिनच्या विमा ऑफिसात ती इतकं हळू बोलली की त्याला खुर्ची पुढे ओढावी लागली.

"हे वाच."

सरकारी पत्र होतं. तिचं लायसन पुन्हा निलंबित.

एकसष्ट वर्षांची ही विधवा नेब्रास्कातल्या शेतवस्त्यांवर फिरून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. गाडी नाही तर काम नाही. नवरा गेला त्या हिवाळ्यात बिअर पिऊन तिनं गाडी कुंपणात घातली होती. चूक तिची, तिनं कधी नाकारली नाही. शिक्षा भोगल्यावर लायसन परत मिळालं ते एका अटीवर. तीन वर्षं विमा कंपनीनं सरकारकडे तिची हमी द्यायची, आणि एक दिवसही खंड पडायचा नाही. पडला की मोजणी पहिल्यापासून. त्या हमीपत्राला सगळे एसआर-बावीस म्हणतात. तिचे एकोणीस दिवस उरले होते.

आणि हा वर्लिन, चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा, शाळेतला सोबती, म्हणाला होता, "कंपनी बदल. स्वस्तात करून देतो. तू काही बघू नकोस." तिनं बघितलं नाही. जुना विमा दोन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी संपला; नवं हमीपत्र यानं सोमवारी पाठवलं.

"त्या शुक्रवारी कुठे होतास?"

"रानकोंबड्या मारायला. अगं, दोनच दिवस..."

"किती मिळाल्या?"

"तीन."

"म्हणजे माझ्या वर्षाला एक."

वर्लिन टेबलावरचे कागद सारखे करत बसला. "मी वरती कळवतो. चूक माझी होती असं लिहून देतो."

"दे. तोवर उद्या पहाटे साडेपाचला माझ्या दारात गाडी आण."

"लोरेटा, माझं ऑफिस आहे."

"ते नऊला उघडतं. म्हातारा श्रामेक सहाला अंथरुणात ओला झालेला असतो."

तो आला. बायकोनं केलेले जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाची, डब्यात घेऊन आला. लोरेटानं डबा न उघडता मागच्या सीटवर ठेवला. वीस मैलांवर श्रामेकच्या दारात ती उतरली, डबा तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच.

रविवारी चर्चमध्ये थाळी तिच्यापुढे आली. तिनं पाकीट टाकलं, थाळी धरणाऱ्याकडे पाहिलं नाही. प्रार्थनेत 'आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली तेव्हा ती ओठ मिटून राहिली. देवाशी खोटं बोलण्यापेक्षा ते बरं. पुढची ओळ मात्र तिनं सगळ्यांबरोबर म्हटली.

सोमवारी तो पाच मिनिटं उशिरा आला. लोरेटा थंडीत पायरीवर उभी होती. आत बसून तिनं पट्टा लावला.

"खंड पडू देऊ नकोस," ती अगदी हळू म्हणाली.